बायपास, स्टेंट किंवा झडपेचं ऑपरेशन झालेल्यांसाठी किडनीच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाबांच्या बायपासला दहा वर्षं झाली. आता सोनोग्राफीत किडनीवर गाठ दिसली आहे. त्यांचं ऑपरेशन होऊ शकेल का?

बहुतेकांचं होतं, आणि सुखरूप होतं. भूलतज्ज्ञ जुन्या बायपासला घाबरत नाही, त्याला आजचं हृदय कसं चालतंय हे पाहायचं असतं. बाबा दोन मजले न थांबता चढत असतील, छातीत दुखत नसेल, पायांवर सूज नसेल आणि टू-डी इकोमध्ये पंपिंग (एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते) ५० टक्क्यांच्या वर असेल, तर त्यांची जोखीम आटोक्यातली समजावी. याउलट दोन महिन्यांपूर्वी अटॅक येऊन स्टेंट बसलेला पन्नाशीतला माणूस दिसायला ठणठणीत असला, तरी भूल देण्याच्या दृष्टीने तोच जास्त नाजूक.

कॅन्सर आहे म्हटल्यावर थांबायचं कसं? तोवर पसरला तर?

आधी दोन गोष्टी विचारा: गाठ किती सेंटिमीटरची आहे आणि ती शिरेत शिरली आहे का. ४ सेंमीपर्यंतच्या गाठी सरासरी वर्षाला साधारण ३ मिलीमीटर वाढतात, आणि अशा पाच गाठींपैकी जवळपास एक कॅन्सरची नसतेच. अशा गाठीसाठी हृदयाची औषधं नीट बसवायला दोन-तीन महिने घेतले, तर सहसा काही बिघडत नाही. गाठ ७ सेंमीच्या पुढे असेल, लघवीतून सतत रक्त जात असेल किंवा गाठीचा गोळा शिरेतून वर सरकत असेल, तर एवढी मुभा नाही. तिथे आठवड्यांच्या हिशोबाने निर्णय घ्यावा लागतो आणि हृदयाची थोडी जास्त जोखीम पत्करावी लागते.

म्हणून युरोसर्जन आणि कार्डिओलॉजिस्ट यांनी एकमेकांशी थेट बोलणं आवश्यक आहे. कागदावर नुसतं ‘ऑपरेशनला फिट’ लिहून आणलं की काम झालं असं समजू नका. कार्डिओलॉजिस्टला गाठ किती घाईची आहे हे माहीत हवं, आणि सर्जनला स्टेंट कोणत्या तारखेचा आहे हे.

आईला चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसला. किडनीचं ऑपरेशन कधी करता येईल?

स्टेंट का बसवला यावर ते ठरतं. अटॅक नसताना, ठरवून बसवलेला औषधी लेप असलेला स्टेंट असेल, तर शक्यतो ६ महिने थांबतात. अटॅकमध्ये बसवलेला असेल, तर १२ महिने. कॅन्सरमुळे तेवढं थांबता येत नसेल, तर ३ महिन्यांनंतर, दोन्ही बाजूंची जोखीम तोलून, ऑपरेशनचा विचार होतो. पहिल्या ३० दिवसांत मात्र जीव वाचवण्याखेरीज कुठल्याच कारणासाठी करू नये.

कारण साधं आहे. स्टेंटची धातूची जाळी नवी असते तेव्हा तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढलेलं नसतं. लेपातलं औषध ते अस्तर आणखी सावकाश चढू देतं. तोवर उघड्या जाळीवर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या (अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी) चालू असतात. ऑपरेशनच्या ताणाने रक्त गोठण्याकडे झुकतं, आणि नेमक्या त्याच वेळी रक्तस्राव टाळायला आपण एक गोळी बंद करतो. अस्तर कच्चं असताना या दोन गोष्टी एकत्र आल्या, तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या?

स्वतःहून एकही नाही. सर्वसाधारण पद्धत अशी: क्लोपिडोग्रेल ५ दिवस आधी, टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी, प्रासुग्रेल ७ दिवस आधी. स्टेंट असलेल्या रुग्णाची ७५ मिलीग्रॅमची अॅस्पिरिन बहुधा चालूच ठेवतात, ऑपरेशनच्या सकाळीसुद्धा. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पॉइज-२ या मोठ्या चाचणीत सरसकट सगळ्यांना अॅस्पिरिन देऊन फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. पण आधी अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णांच्या गटात तिचा उपयोग दिसला.

आपल्याकडे हमखास होणारी चूक एकत्रित गोळ्यांची. सर्जन सांगतात, “क्लोपिडोग्रेल बंद करा.” घरी पट्टी असते इकोस्प्रिन गोल्डची. त्या एका कॅप्सूलमध्ये अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि अॅटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन) तिन्ही असतात. क्लोपिटॅब-ए मध्ये पहिली दोन. कॅप्सूल बंद केली की चालू ठेवायची अॅस्पिरिन आणि स्टॅटिनही त्याच दिवशी बंद होतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून पट्ट्याच घेऊन जा, आणि त्या पाच दिवसांसाठी सुटी अॅस्पिरिन व सुटी स्टॅटिन लिहून घ्या.

धातूची झडप आहे. रक्त पातळ करणारं असिट्रॉम किंवा वॉरफरिन बंद केलं तर झडप अडकणार नाही का?

अडकू शकते, म्हणूनच अधल्यामधल्या दिवसांची सोय करतात. वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवतात. असिट्रॉमचा असर लवकर उतरतो, ती २ ते ३ दिवस आधी थांबवली तरी पुरते. वॉरफरिनचं वेळापत्रक असिट्रॉमला लावलं, तर झडप विनाकारण दोन दिवस जास्त औषधाच्या संरक्षणाविना राहते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) १.५ च्या खाली यायला हवा.

मधल्या दिवसांत पोटावर हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. त्यातलं एनॉक्सापॅरिन सहसा दर किलोला १ मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा, आणि शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या २४ तास आधी. इथे एक मेख आहे. हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. किडनीचं काम आधीच मंदावलेलं असेल, तर ते साचतं आणि ऑपरेशनच्या टेबलावर रक्त थांबत नाही. किडनीच्या गाळणीचा वेग (ईजीएफआर) ३० च्या खाली असेल, तर दाखल करून शिरेतून साधं हेपॅरिन देणं जास्त सुरक्षित, कारण ते बंद केल्यावर ४ ते ६ तासांत उतरतं.

मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मध्ये) बसवलेली धातूची झडप सगळ्यांत नाजूक. महाधमनीच्या जागी नव्या पद्धतीची दोन पाकळ्यांची झडप असेल आणि दुसरा काही धोका नसेल, तर काही रुग्णांना मधल्या इंजेक्शनांची गरजही पडत नाही. जनावरांच्या ऊतींपासून केलेली झडप असेल आणि तिला बरेच महिने झाले असतील, तर अनेकांना नुसती अॅस्पिरिन चालू असते. त्यांचं काम सोपं. एपिक्साबॅन, रिव्हरोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या धातूच्या झडपेला चालत नाहीत, त्यामुळे मधल्या दिवसांसाठी म्हणून कुणी त्या सुचवल्या तर घेऊ नका.

फिटनेससाठी पुन्हा अँजिओग्राफी करावी लागेल का?

नवा त्रास नसेल तर सहसा नाही. ईसीजी, टू-डी इको, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, साखर आणि शक्य असेल तर एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) एवढ्यावर बरंच कळतं. सगळ्यांत स्वस्त तपासणी म्हणजे जिना. दोन मजले न थांबता चढता येणं हे हृदयात राखीव ताकद असल्याचं चांगलं लक्षण आहे. गुडघ्यांमुळे जिना चढता येत नसेल तर तसं सांगा, नाहीतर हृदयाला उगाच नापास केलं जातं.

‘आधी अँजिओप्लास्टी करून घेऊ, म्हणजे किडनीचं ऑपरेशन निर्धास्त होईल’ हा विचार पटण्यासारखा वाटतो, पण तो बहुतेक वेळा चुकीचा आहे. २००४ सालच्या कार्प चाचणीत मोठ्या रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनआधी स्थिर हृदयरुग्णांच्या एका गटाची बायपास किंवा अँजिओप्लास्टी केली, दुसऱ्याची नाही. पुढच्या वर्षांत दोन्ही गटांतले मृत्यू सारखेच राहिले. शिवाय नवा स्टेंट बसला की दोन गोळ्यांचे महिने पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, आणि गाठ तशीच पोटात. विश्रांती घेतानाही छातीत दुखणं, डाव्या मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा किंवा धाप लागेपर्यंत आवळलेली महाधमनीची झडप असेल, तर मात्र हृदयाचं आधी पाहावंच लागतं.

बायपासची जुनी फाईल मागतात. इतक्या वर्षांनी तिचा काय उपयोग?

फार उपयोग आहे. डिस्चार्ज कार्डापेक्षा ऑपरेशन नोट मिळाली तर उत्तम, कारण कोणत्या रक्तवाहिन्या वापरल्या हे तिच्यात लिहिलेलं असतं.

हाताची धमनी काढलेली असेल, तर त्या मनगटात रक्तदाबाची सुई घालायची नाही. छातीच्या आतली डावी धमनी वापरली असेल, तर तिचं रक्त डाव्या हाताच्या मुख्य धमनीतून येतं. दोन्ही हातांच्या रक्तदाबात १५-२० चा फरक दिसला, तर तिथे अडथळा आहे का हे आधी पाहतात. पायाची शीर काढलेली असेल, तर तो पाय सुजतो आणि गुठळी टाळायचे मोजे त्या पायाला मापून द्यावे लागतात.

आणि पोटाच्या सर्जनने हमखास वाचावी अशी एक ओळ: काही रुग्णांमध्ये जठराच्या कडेची धमनी वापरलेली असते. ती जठरापासून सुटून, छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक पाडून, हृदयाच्या खालच्या भागापर्यंत गेलेली असते. म्हणजे हृदयाचा एक झरा पोटातून वाहत असतो. पोट उघडताना किंवा दुर्बीण आत घालताना ती दुखावली, तर टेबलावरच अटॅक येतो. असे रुग्ण थोडे आहेत, पण नोट न वाचता ते ओळखू येत नाहीत. फाईल हरवली असेल, तर जिथे बायपास झाली तिथल्या रेकॉर्ड विभागात वर्ष आणि नाव देऊन लेखी मागणी करा. तेही जमलं नाही, तर सीटी स्कॅनमध्ये या रक्तवाहिन्या शोधायला सांगता येतं.

दुर्बिणीतून चांगलं की पोट उघडून?

पंपिंग चांगलं असेल तर दुर्बिणीतून किंवा रोबोटच्या साहाय्याने केलेलं ऑपरेशन बायपासवाल्यांना छान मानवतं. दुखणं कमी, श्वास मोकळा, लवकर चालणं. पण त्यासाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, साधारण १२ ते १५ मिलीमीटर पाऱ्याच्या दाबाने. त्या दाबाने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं आणि हृदयाला जास्त प्रतिकाराविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. त्यात रुग्णाला कुशीवर वळवून टेबल मधोमध वाकवलेलं असतं. पंपिंग ३०-३५ टक्के असलेल्या हृदयाला हे सगळं एकदम झेपत नाही. वायू सावकाश भरणं, दाब ८ ते १० वर ठेवणं, टेबल कमी वाकवणं हे उपाय असतात. तरीही रक्तदाब घसरत राहिला, तर वायू सोडून देऊन उघड्या पद्धतीकडे वळायची तयारी हवी. तसं वळणं हा सर्जनचा पराभव नाही, तो शहाणा निर्णय असतो.

फक्त गाठ काढायची की पूर्ण किडनी?

हृदयरुग्णाला पुढची वीस वर्षं दोन्ही किडन्या कामाच्या असतात. पंपिंग कमी झालं की किडनी बिघडते, किडनी बिघडली की हृदयावर भार येतो. म्हणून ४ सेंमीपर्यंत, आणि जागा सोयीची असेल तर ७ सेंमीपर्यंतही, शक्यतो गाठच काढतात. त्या वेळी किडनीची धमनी काही मिनिटं चिमट्याने बंद ठेवतात. ही वेळ २५ मिनिटांच्या आत राहिली तर बरं.

पण गाठ काढल्यावर किडनीला शिवलेली जखम उरते, आणि तिच्यावर पुन्हा रक्त पातळ करणारी औषधं सुरू करायची असतात. धातूच्या मायट्रल झडपेचा रुग्ण, खोलवर रुतलेली गाठ, दुसरी किडनी उत्तम, असं असेल तर पूर्ण किडनी काढणं जास्त सुरक्षित ठरू शकतं. इथे सर्जनना मोकळेपणाने विचारा: ‘हेपॅरिन सुरू केल्यावर ही जखम टिकेल का?’

गाठ पोटातल्या मोठ्या शिरेत गेली आहे. बायपास झालेल्या माणसाचं हे ऑपरेशन होतं का?

होतं, पण यादीतलं हे सर्वांत अवघड काम. किडनीचा कॅन्सर शिरेच्या आतून बोटासारखा वर वाढतो. किडनीच्या शिरेतून अधोमहाशिरेत, तिथून यकृताच्या मागे, आणि काहींमध्ये थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. तो गोळा रक्ताच्या गुठळीसारखा दिसला तरी गाठीचाच भाग असतो, गोळ्यांनी विरघळत नाही. तो हळूहळू वर सरकतो, म्हणून ऑपरेशनच्या वेळी एमआरआय किंवा सीटी दोन आठवड्यांच्या आतला हवा.

यकृताच्या खालीच असेल तर छातीला हात लावावा लागत नाही. यकृताच्या मागे असेल तर यकृत प्रत्यारोपणात करतात तसं यकृत मोकळं करून बाजूला वळवतात, आणि बऱ्याचदा हार्ट-लंग मशीनशिवाय भागतं. पडद्याच्या वर गेला असेल तर मात्र बहुधा मशीन लागतं.

एकदा उघडलेली छाती पुन्हा उघडणं हा वेगळाच धोका. छातीच्या हाडामागे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, आणि बायपासची धमनी कधी कधी हाडाला अगदी टेकलेली असते. करवत फिरली की तीच कापली जाते. म्हणून आधी छातीचा सीटी अँजिओ करून हाड आणि धमनी यांतलं अंतर मोजतात, आणि गरज पडल्यास ताबडतोब मशीन लावता यावं म्हणून जांघेतल्या रक्तवाहिन्या अगोदरच मोकळ्या करून ठेवतात. काही ठिकाणी हाड न कापता उजव्या बरगड्यांमधून छोट्या छेदाने हृदयापर्यंत पोहोचतात. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोवर ऑपरेशनभर नजर असते, कारण गोळ्याचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतू शकतं.

हे ऑपरेशन जिथे युरोसर्जरी, यकृताची शस्त्रक्रिया, हृदयशस्त्रक्रिया आणि हृदयाचं आयसीयू एकाच इमारतीत आहे, तिथेच करून घ्या. जवळचं रुग्णालय सोयीचं वाटलं तरी या एका बाबतीत प्रवास करा.

ऑपरेशन झेपणारच नसेल तर?

गाठ लहान असेल तर मार्ग आहेत. सीटी किंवा सोनोग्राफी सुरुवातीला दर ३ ते ६ महिन्यांनी करून फक्त नजर ठेवता येते. ३ सेंमीपर्यंतची गाठ बाहेरून सुई घालून उष्णतेने किंवा थंडीने जाळता येते, पण त्यासाठीही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा हिशोब लागतो. सुईही नको असेल, तर काही केंद्रांत नेमक्या जागेवरचा किरणोपचार देतात. ऐंशीच्या पुढचं वय, २५ टक्के पंपिंग आणि अडीच सेंमीची गाठ असेल, तर नजर ठेवणं हाच बहुधा योग्य उपचार. घरच्यांनी त्याला ‘काहीच केलं नाही’ म्हणू नये.

बाकीच्या गोळ्यांचं काय?

बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) चालू असेल तर एकही दिवस चुकवू नका. आधी चालू नसेल, तर ऑपरेशनच्या दिवशी नव्याने मोठा डोस सुरू करू नये. २००८ सालच्या पॉइज चाचणीत तसं केल्याने अटॅक कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. स्टॅटिन चालू ठेवा. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्या सहसा २४ तास आधी थांबवतात, म्हणजे भुलेखाली रक्तदाब कोसळत नाही.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ३ दिवस आधी बंद करायच्या. मधुमेह नसलेल्या अनेक हृदयरुग्णांनाही आता या दिल्या जातात, त्यामुळे ‘शुगरची गोळी आहे का?’ या प्रश्नाला ते ‘नाही’ म्हणतात आणि गोळी चालूच राहते. या गोळीवर उपाशी राहिलं की साखर जेमतेम वाढलेली असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं.

पेसमेकर आहे.

कार्ड घेऊन या. रक्त थांबवायला वापरतात त्या विजेच्या चिमट्याच्या लहरींनी पेसमेकर फसू शकतो. म्हणून ती वीज परत नेणारी चिकटपट्टी मांडीवर किंवा नितंबावर लावतात, म्हणजे वीज छातीकडून जात नाही. हृदयाला झटका देणारं यंत्र (आयसीडी) असेल, तर झटका तात्पुरता बंद करतात. तो पुन्हा चालू केल्याशिवाय आयसीयूतून बाहेर पडायचं नाही, हे नातेवाइकांनीही विचारून खात्री करावी.

धातूची झडप, छातीचं हाड बांधलेल्या तारा किंवा स्टेंट असताना एमआरआय चालतो का?

बहुतेक सगळ्यांना चालतो. झडपेचं कार्ड दाखवा. पेसमेकरचं मात्र वेगळं तपासावं लागतं.

ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस कशाकडे लक्ष द्यायचं?

अटॅकचा धोका बहुधा याच ४८ ते ७२ तासांत असतो, आणि तो बऱ्याचदा न दुखताच येतो, कारण वेदनाशामकं चालू असतात. म्हणून पहिले दोन दिवस रोज ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी रक्ततपासणी) तपासणं योग्य. हिमोग्लोबिन ८ च्या खाली जाऊ देत नाहीत. अॅस्पिरिनखेरीजच्या गोळ्या रक्तस्राव पाहून पुन्हा सुरू होतात. असिट्रॉम किंवा वॉरफरिन त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, हेपॅरिनचा पूर्ण डोस मात्र ४८ ते ७२ तासांनी.

पाण्याचंही सांगायला हवं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, “आता एकच किडनी राहिली, भरपूर पाणी पी.” पंपिंग कमी असलेल्या माणसाला तेच पाणी फुप्फुसात साचतं. किती मिली हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि घरी रोज सकाळी लघवीनंतर वजन करा. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर फोन करा.

दुखलं तर कोणती गोळी?

पॅरासिटामॉल, सांगितलेल्या डोसमध्ये. न पुरल्यास ट्रमाडॉलसारखं डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध. केमिस्टकडची डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक नको. एक किडनी, कमजोर हृदय आणि रक्त पातळ करणारं औषध या तिन्हींवर ती एकदम घाव घालते. असिट्रॉमवर असाल आणि पॅरासिटामॉल रोज घ्यावी लागत असेल, तर आयएनआर नेहमीपेक्षा लवकर तपासा, तो वाढू शकतो.

खर्चाची काही मदत मिळते का?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड, आधार आणि सीटी स्कॅनचा अहवाल घेऊन दाखल होण्याआधीच त्यांना भेटा, कारण ठरवून करायच्या ऑपरेशनला पूर्वमंजुरी लागते.

घरी गेल्यावर कधी धावत यायचं?

लघवीतून लालभडक रक्त किंवा गुठळ्या येणं. फक्त गाठ काढलेल्या किडनीत हे एक ते तीन आठवड्यांनीही होतं, बऱ्याचदा रक्त पातळ करणारं औषध सुरळीत झाल्यावर. शिवलेल्या जागी धमनीला फुगा आलेला असतो. घरी वाट पाहू नका आणि गोळ्याही स्वतःहून बंद करू नका. मांडीतून नळी घालून, अँजिओग्राफीसारख्याच पद्धतीने, तो फुगा आतून बंद करता येतो आणि किडनी वाचते. छातीत दाब, अचानक धाप, एका पोटरीला सूज, बोलताना जीभ अडखळणं, किंवा धातूच्या झडपेचा रोज ऐकू येणारा टिकटिक आवाज दबका वाटणं, यांपैकी काहीही झालं तर ओपीडीची वेळ न पाहता थेट अपघात विभागात या, आणि येताना औषधांच्या पट्ट्या व ती जुनी फाईल सोबत आणा.